‘ध’ चा ‘मा’

(आपल्या शरीरातील पेशी स्वतःची नक्कल करून वाढत असतात. नक्कल करताना एखादे अक्षर चुकले तर काय होते? ती चूक मेंदूतील मूलपेशीत झाली तर तिच्यातून गाठ कशी तयार होते? शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा छडा कसा लावला, ते या पाठात वाचा.)

पेशव्यांच्या काळातील एक गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. इ.स. १७७३ साल होते. पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशवे राहत होते. त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. त्यांचे चुलते रघुनाथराव त्यांच्यावर नाराज होते. रघुनाथरावांनी गारद्यांना, म्हणजे वाड्यावरच्या पहारेकरी शिपायांना, एक पत्र लिहिले. ‘नारायणरावांस धरावे’ असा त्या पत्रातील हुकूम होता. पण रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाई यांनी त्यातील ‘ध’ खोडला आणि तेथे ‘मा’ लिहिला. ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले. ३० ऑगस्ट रोजी गारद्यांनी नारायणरावांचा खून केला.

ही गोष्ट जशीच्या तशी खरी आहे असे सगळे इतिहासकार मानत नाहीत. अनेकांच्या मते ती आख्यायिका आहे. तरीही तिच्यामुळे मराठी भाषेला एक वाक्प्रचार मिळाला : ‘ध’ चा ‘मा’ करणे. एका अक्षराच्या बदलाने सारा अर्थच फिरवणे, असा त्याचा अर्थ.

तुम्ही उर्दू लिहिता, म्हणून ही गोष्ट तुम्हांला अधिक लवकर समजेल. ‘जाल’, ‘हाल’ आणि ‘ख़ाल’ हे तीन शब्द उर्दूत लिहून पाहा. तिन्ही शब्दांचा आकार एकच आहे. फरक आहे तो फक्त एका नुक्त्याचा. नुक्ता पोटात असला की जाळे, डोक्यावर असला की गालावरचा तीळ, आणि नुक्ताच नसला की माणसाची अवस्था! पूर्वी उर्दू पुस्तके छापण्याआधी कातिब ती हाताने लिहून काढत. शेकडो पाने लिहिताना एखादा नुक्ता इकडचा तिकडे होणारच. मराठीतही ‘नदी’वर चुकून अनुस्वार पडला तर तिचा ‘नंदी’ होतो.

आपल्या शरीरातही असा एक कातिब रात्रंदिवस लिहीत बसलेला असतो.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डी.एन.ए. नावाचा लांबच लांब धागा असतो. तो धागा म्हणजे पेशीचे पुस्तक. या पुस्तकाच्या लिपीत चारच अक्षरे आहेत : ए, टी, जी आणि सी. या चार अक्षरांनी सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा मजकूर लिहिलेला असतो. त्याची एक प्रत आपल्याला आईकडून मिळते आणि दुसरी वडिलांकडून. पुस्तकातील ज्या परिच्छेदात एखादे प्रथिन कसे बनवायचे ते सांगितलेले असते, त्या परिच्छेदाला जनुक म्हणतात. माणसाच्या पेशीत अशी सुमारे वीस हजार जनुके असतात.

एका पेशीच्या दोन पेशी होतात, तेव्हा आधी या सगळ्या पुस्तकाची नक्कल होते. एवढा मजकूर उतरवताना चुका होतात. पेशी त्या चुका स्वतःच तपासते आणि दुरुस्त करते. तिचे काम इतके चोख असते की दर शंभर कोटी अक्षरांमागे जेमतेम एखादी चूक उरते. कोणत्याही छापखान्याला हेवा वाटावा असे हे काम आहे. परंतु ती एखादी चूक उरते, हेही खरे. शिवाय क्ष-किरणांसारखे प्रखर किरण किंवा काही रसायने यांमुळेही अक्षरे बिघडतात. जनुकातील अशा बदलाला उत्परिवर्तन म्हणतात. बहुतेक उत्परिवर्तनांनी काहीच बिघडत नाही. कधीकधी मात्र ‘ध’ चा ‘मा’ होतो.

आता मेंदूकडे वळू. येथे एक मोठे कोडे होते.

मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. पाहणे, बोलणे, आठवणे, हसणे ही सारी त्यांची कामे. पण चेतापेशी एकदा पूर्ण वाढली की तिचे विभाजन होत नाही. ती आपल्या पुस्तकाची नक्कल करत नाही. सांतियागो रामोन इ काहाल हे स्पेनचे थोर शास्त्रज्ञ. चेतापेशींची त्यांनी सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहून काढलेली चित्रे आजही अभ्यासली जातात. त्यांना १९०६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. प्रौढ मेंदूत पेशी मरतात, नव्या पेशी जन्माला येत नाहीत, असे त्यांचे मत होते. पुढे पन्नास-साठ वर्षे सगळे जग तेच मानत होते.

मग मेंदूत गाठ कशी होते? गाठ म्हणजे पेशींची बेसुमार वाढ. जेथे पेशी वाढतच नाहीत, तेथे ही वाढ करतो कोण? चेतापेशींच्या अवतीभोवती त्यांना आधार देणाऱ्या आणि त्यांचे पोषण करणाऱ्या पेशी असतात. त्यांना ‘ग्लिया’ किंवा आधारपेशी म्हणतात. मेंदूच्या अनेक गाठींमधील पेशी या आधारपेशींसारख्या दिसतात. म्हणून अशा गाठींना ‘ग्लायोमा’ हे नाव पडले आणि त्या आधारपेशींपासूनच होत असाव्यात असे डॉक्टरांना वाटू लागले. त्यांच्यातील सर्वांत घातक गाठ म्हणजे ‘ग्लायोब्लास्टोमा’.

ही गाठ का घातक आहे, ते समजून घेतले पाहिजे. कवटी ही हाडांची बंद पेटी आहे. आत गाठ वाढू लागली की मेंदूवर दाब पडतो. मग डोकेदुखी, उलट्या, झटके, हातापायांतील शक्ती कमी होणे, बोलण्यात अडखळणे अशी लक्षणे दिसतात. (म्हणून डोके दुखले की लगेच घाबरून जाऊ नका. डोकेदुखीची कारणे पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी गाठ हे फारच क्वचित असणारे कारण आहे.) शस्त्रक्रिया करून गाठ काढता येते. परंतु ग्लायोब्लास्टोमा काढला तरी तो बहुधा परत येतो.

अमेरिकेतील वॉल्टर डँडी या निष्णात शल्यविशारदाने या शत्रूला मुळीच थारा द्यायचा नाही असे ठरवले. ज्या रोग्यांच्या मेंदूच्या उजव्या भागात मोठी गाठ होती आणि शरीराची डावी बाजू आधीच लुळी पडली होती, त्यांच्या मेंदूचा संपूर्ण उजवा अर्धगोल त्याने काढून टाकला! १९२८ साली त्याने या शस्त्रक्रियांची माहिती प्रसिद्ध केली. अर्धा मेंदू काढूनही माणूस जगतो, बोलतो, हे पाहून लोक चकित झाले. पण गाठ पुन्हा उगवण्याचे थांबले नाही. उरलेल्या अर्ध्या भागातही ती दिसू लागली.

म्हणजे डॉक्टर गाठ काढत होते, पण रोगाचे मूळ दुसरीकडेच कोठे तरी राहत होते काय? हा प्रश्न तेव्हापासून शास्त्रज्ञांच्या मनात घर करून बसला.

त्याचे उत्तर मिळण्याआधी काहालांचे मत चूक ठरावे लागले. अमेरिकेत जोसेफ ऑल्टमन यांनी १९६० नंतरच्या वर्षांत उंदरांवर प्रयोग केले. डी.एन.ए. बनवण्यासाठी लागणाऱ्या द्रव्याला त्यांनी किरणोत्सारी खूण केली आणि ते द्रव्य उंदरांना टोचले. जी पेशी नवी नक्कल करील, तिच्यातच ही खूण उतरणार. मोठ्या वयाच्या उंदरांच्या मेंदूत ही खूण असलेल्या पेशी सापडल्या. म्हणजे तेथे नव्या पेशी जन्माला येत होत्या. पण ऑल्टमन यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. मोठ्या माणसाचे मत एकदा पुस्तकात छापले गेले की ते खोडायला फार वेळ लागतो! पुढे न्यूयॉर्कमध्ये फर्नांदो नोटेबोम यांनी कॅनरी नावाच्या गाणाऱ्या पक्ष्यांचा अभ्यास केला. या पक्ष्याच्या मेंदूतील गाण्याशी संबंधित भागात नव्या चेतापेशी तयार होतात, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या काळात दाखवून दिले. मग १९९२ साली कॅनडातील कॅलगरी येथे ब्रेंट रेनॉल्ड्स आणि सॅम्युएल वाइस यांनी प्रौढ उंदराच्या मेंदूतून काही पेशी काढून काचेच्या बशीत वाढवल्या. त्या पेशी पुन्हा पुन्हा विभागल्या. त्यांच्यापासून चेतापेशीही झाल्या आणि आधारपेशीही झाल्या.

अशा पेशींना चेता-मूलपेशी म्हणतात. एका झाडाच्या खोडातून फांद्या फुटतात, पाने फुटतात आणि खोड मात्र कायम राहते. मूलपेशीचेही तसेच आहे. ती विभागते तेव्हा तिच्यासारखीच एक मूलपेशी मागे राहते, आणि दुसरी पेशी मोठी होऊन विशिष्ट कामाला लागते.

या मूलपेशी राहतात कोठे? मेंदू हा भरीव गोळा नाही. त्याच्या आत पोकळ्या आहेत आणि त्यांत पाण्यासारखा स्वच्छ द्रव असतो. बाजूच्या दोन मोठ्या पोकळ्यांच्या भिंतीलगत पेशींचा एक पातळ थर आहे. मूलपेशींची ही वस्ती. मूळचे मेक्सिकोचे असलेले आर्तुरो अल्वारेझ-बुइया आणि त्यांचे सहकारी यांनी १९९९ साली दाखवले की या मूलपेशी दिसायला अगदी ताऱ्याच्या आकाराच्या आधारपेशींसारख्या असतात. त्यामुळेच इतकी वर्षे त्या सापडत नव्हत्या. वेष बदललेल्या माणसाप्रमाणे त्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होत्या, पण कोणी त्यांना ओळखले नव्हते. २००४ साली माणसाच्या मेंदूतही अशा पेशींचा पट्टा आढळला. माणसात मात्र या भिंतीकडून निघणाऱ्या नव्या चेतापेशींची रांग बाळ दीड वर्षाचे होईपर्यंत जवळजवळ आटून जाते. पुढे या पेशी बहुतेक शांत पडून असतात.

शांत असल्या, तरी नक्कल करण्याचे सामर्थ्य त्यांच्यात असते. ज्याच्या हाती लेखणी आहे, चूकही त्याच्याच हातून होणार.

तरीसुद्धा एका चुकीने गाठ होत नाही. ते का, हे सायकलच्या उदाहरणाने पाहू. सायकलला पेडल असते आणि ब्रेक असतात. पेशीतही काही जनुके पेडलसारखी असतात. ती पेशीला ‘वाढ, वाढ’ असे सांगतात. ‘ई.जी.एफ.आर.’ हे असे एक जनुक आहे. त्यात विशिष्ट बिघाड झाला की कोणी पाय न मारताच पेडल फिरत राहते. काही जनुके ब्रेकसारखी असतात. ‘पी-५३’ हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. या प्रथिनाचा शोध १९७९ साली लागला. डी.एन.ए.ला इजा झाली की ते पेशीचे विभाजन थांबवते, दुरुस्तीला वेळ देते, आणि इजा फारच मोठी असेल तर त्या पेशीला मरायला लावते. ‘पी-टेन’ हे असेच दुसरे ब्रेकचे जनुक.

ब्रेकच्या प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक वडिलांची. एक प्रत बिघडली तरी दुसरी बहुधा काम निभावून नेते. दोन्ही बिघडल्या की ब्रेक गेला. ही गोष्ट अमेरिकेतील डॉक्टर आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली लहान मुलांच्या डोळ्यांतील एका गाठीच्या अभ्यासातून मांडली. काही मुलांना ही गाठ अगदी तान्हेपणी आणि दोन्ही डोळ्यांत होई, तर काहींना थोडी उशिरा आणि एकाच डोळ्यात होई. पहिल्या मुलांमध्ये एक प्रत जन्मतःच बिघडलेली असणार आणि पुढे एकच आघात पुरत असणार. दुसऱ्या मुलांमध्ये दोन्ही आघात जन्मानंतर होत असणार, असा त्यांनी हिशेब केला. त्या वेळी ते जनुक कोणाला सापडलेलेही नव्हते! नुसत्या वयांच्या नोंदींवरून काढलेले हे अनुमान पुढे खरे ठरले.

आणखी एक अडथळा असतो. प्रत्येक नकलेच्या वेळी डी.एन.ए.च्या धाग्याचे टोक थोडे थोडे झिजते. टोक फार झिजले की पेशीचे विभाजन थांबते. ‘टर्ट’ नावाचे जनुक हे टोक पुन्हा जोडून देऊ शकते, पण बहुतेक पेशींत ते बंद असते. त्याच्या सुरुवातीचे एखादे अक्षर बदलले, तर ते बंद कुलूप उघडते आणि पेशी हवी तितकी वर्षे नकला करू शकते.

म्हणजे गाठ होण्यासाठी पेडल अडकले पाहिजे, ब्रेक तुटले पाहिजेत आणि टोकांची झीजही थांबली पाहिजे. २००८ साली अमेरिकेतील एका मोठ्या प्रकल्पात दोनशेहून अधिक ग्लायोब्लास्टोमांची जनुके तपासली गेली. बहुसंख्य गाठींत एकाच वेळी पेडल आणि ब्रेक या दोन्ही बाजूंचे बिघाड सापडले. इतक्या चुका एकाच पेशीत साठायला वेळ लागतो. म्हणून ज्या पेशी दीर्घकाळ टिकतात आणि विभागूही शकतात, त्यांच्यावर संशय येणे स्वाभाविक होते. अशा पेशी म्हणजेच मूलपेशी.

संशय आला, पण पुरावा हवा. तो दक्षिण कोरियातून आला.

तेथील जिओंग हो ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली आपले संशोधन प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांनी रोग्यांच्या मेंदूतील निरनिराळ्या जागांचे नमुने घेतले. एक नमुना गाठीचा, आणि दुसरा गाठीपासून दूर असलेल्या पोकळीच्या भिंतीचा. भिंतीचा हा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली अगदी निरोगी दिसत होता. तेथे गाठीचा मागमूसही नव्हता. पण त्यातील डी.एन.ए. फार बारकाईने वाचल्यावर वेगळेच दिसले. नेहमीच्या प्रकारच्या ग्लायोब्लास्टोमाच्या १६ रोग्यांपैकी ९ जणांच्या भिंतीत, गाठीत सापडलेल्यांपैकीच काही उत्परिवर्तने थोड्या प्रमाणात होती. काही ठिकाणी तर शंभरात जेमतेम एक.

यावर कोणीही शंका काढील : गाठीतल्याच काही पेशी भिंतीपर्यंत पसरल्या नसतील कशावरून? तुम्हांलाही ही शंका आली असेल, तर ती योग्यच आहे. तिचे उत्तर समजण्यासाठी क्षणभर पुण्याला जाऊ. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. देशभरातून जुन्या हस्तलिखित पोथ्या गोळा केल्या गेल्या. कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरवली, हे विद्वान कसे ओळखतात? चुकांवरून! एका पोथीत तीन चुका आहेत आणि दुसरीत त्याच तीन चुका असून शिवाय आणखी दहा आहेत, तर दुसरी पोथी पहिलीच्या घराण्यातली, पण नंतरची. कोरियातील शास्त्रज्ञांनीही असाच विचार केला. भिंतीतील पेशींत थोड्या चुका होत्या. गाठीत त्याच चुका होत्या आणि त्यांशिवाय इतरही होत्या. भिंत ही आधीची प्रत ठरली आणि गाठ ही नंतरची.

मग त्यांनी उंदरांवर प्रयोग करून पाहिला. उंदराच्या मेंदूतील पोकळीच्या भिंतीजवळच्या पेशींत त्यांनी ‘पी-५३’, ‘पी-टेन’ आणि ‘ई.जी.एफ.आर.’ या जनुकांत बदल घडवले आणि त्या पेशी चमकतील अशी व्यवस्था केली. काही काळाने चमकणाऱ्या पेशी भिंत सोडून निघाल्या, दूरवर गेल्या आणि तेथे त्यांच्या गाठी झाल्या. जेथे चूक झाली तेथे गाठ नव्हती. जेथे गाठ होती तेथे चूक झाली नव्हती. डँडीच्या शस्त्रक्रियांनंतरही गाठी का परतत असाव्यात, याचा एक धागा येथे हाती लागतो.

असे का होते, याचा थोडा उलगडा आधीच्या एका प्रयोगातून होतो. अमेरिकेत हुई झोंग यांच्या गटाने २०११ साली उंदराच्या मूलपेशींत जनुके बिघडवली. बिघडलेल्या पेशी हिरव्या आणि त्यांच्या निरोगी बहिणी लाल दिसत. गंमत अशी की बिघडलेल्या मूलपेशी विशेष वाढल्याच नाहीत. त्यांच्या लेकी-नाती असलेल्या एका विशिष्ट प्रकारच्या कोवळ्या पेशी मात्र बेफाम वाढल्या. चेतातंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशी ज्यांच्यापासून होतात, त्या या कोवळ्या पेशी. आजीच्या पुस्तकातील चूक नातीने वाचली, म्हणा ना! त्यामुळे ‘गाठ मूलपेशीतूनच होते’ एवढे एकच वाक्य पाठ करून चालणार नाही. कोरियातील १६ पैकी ७ रोग्यांच्या भिंतीत काही सापडले नव्हते, हेही विसरू नका. गाठी अनेक प्रकारच्या आहेत आणि त्यांचे उगमही वेगवेगळे असू शकतात.

मूळ कोठे आहे, या प्रश्नाचा उपचारांशी जवळचा संबंध आहे. २००५ साली ‘टेमोझोलोमाइड’ हे औषध किरणोपचारांबरोबर देण्याचा परिणाम प्रसिद्ध झाला. नुसत्या किरणोपचारांनी निम्मे रोगी सुमारे १२ महिने जगत होते. औषध जोडल्यावर सुमारे साडेचौदा महिने. अडीच महिने वाढले. ते कमी वाटतील. पण घरातील माणसांना विचारा. हे औषध भराभर विभागणाऱ्या पेशींना मारते. २०१२ साली टेक्सासमध्ये लुइस परादा यांच्या गटाने उंदरांत दाखवले की औषधाने गाठीतील घाईने वाढणाऱ्या पेशी मेल्या, तरी मूलपेशींसारख्या संथ पेशी शांतपणे बसून राहिल्या. औषध थांबताच नवी गाठ त्यांच्यापासूनच वाढली.

याच्या उलट उदाहरण एका अक्षराचे आहे. काही ग्लायोमांत ‘आय.डी.एच.-१’ नावाचे जनुक बिघडलेले असते, हे २००८ साली कळले. या जनुकापासून होणारे प्रथिन म्हणजे ४१४ मण्यांची माळ. तिच्यातील १३२ व्या मण्यासाठी ‘सी-जी-टी’ अशी अक्षरे असतात. या रोग्यांपैकी बहुतेकांत तेथे ‘सी-ए-टी’ झालेले असते. एक मणी बदलतो, बाकीचे ४१३ तसेच राहतात. पण त्या बदलाने प्रथिन भलतेच द्रव्य बनवू लागते, असे २००९ साली दिसून आले. ते द्रव्य पेशीला मोठी होऊ देत नाही. कोवळी पेशी कोवळीच राहते आणि विभागत राहते. तीनशे कोटी अक्षरांच्या पुस्तकात नेमका ‘ध’ कोठे ‘मा’ झाला, हे एकदा सापडल्यावर त्या बिघडलेल्या प्रथिनालाच अडवणारे औषध शोधता आले. त्याचे नाव ‘व्होरासिडेनिब’. २०२३ साली त्याच्या चाचणीचे निष्कर्ष आले. ज्यांना औषध दिले नव्हते, त्यांच्यापैकी निम्म्यांची गाठ सुमारे ११ महिन्यांत पुढे वाढली. ज्यांना औषध दिले, त्यांच्यात हा काळ सुमारे २८ महिने होता. २०२४ साली अमेरिकेत या औषधाला परवानगी मिळाली. सावकाश वाढणाऱ्या आणि हे उत्परिवर्तन असलेल्या गाठींसाठीच ते आहे. ग्लायोब्लास्टोमात हे उत्परिवर्तन नसते, त्यामुळे तेथे ते चालत नाही.

हा रोग शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा रोग्याची सेवा केल्याने होत नाही. बहुतेक वेळा तो आईवडिलांकडूनही येत नाही, कारण अक्षरे चुकतात ती मेंदूच्या पेशीत, आणि ती पुढच्या पिढीला मिळणाऱ्या पुस्तकात उतरत नाहीत. पोकळीच्या भिंतीतील चुकलेल्या पेशी गाठ न करता इतका काळ गप्प का बसतात आणि कोणत्या क्षणी निघतात, यावर शास्त्रज्ञांचे काम चालू आहे.

शब्दार्थ

गारदी – पहारा देणारे शिपाई. आख्यायिका – परंपरेने सांगितली जाणारी गोष्ट. चोख – बिनचूक. कोडे – न सुटलेला प्रश्न. निष्णात – अतिशय कुशल. शल्यविशारद – शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. अर्धगोल – गोलाचा अर्धा भाग. वस्ती – राहण्याची जागा. आघात – धक्का, तडाखा. मागमूस – खूण, पत्ता. उगम – सुरू होण्याची जागा.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जनुक कशाला म्हणतात?
(आ) चेता-मूलपेशी मेंदूत कोठे राहतात?
(इ) ‘पी-५३’ हे जनुक कोणते काम करते?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मेंदूत गाठ होणे हे शास्त्रज्ञांना कोडे का वाटत होते?
(आ) भिंतीतील पेशी आधीच्या व गाठीतील पेशी नंतरच्या, हे कोरियातील शास्त्रज्ञांनी कशावरून ओळखले?
(इ) टेमोझोलोमाइड दिल्यानंतरही उंदरांत गाठ पुन्हा का वाढली?

३. वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
‘ध’ चा ‘मा’ करणे, छडा लावणे, थारा न देणे, मनात घर करणे.

४. उपक्रम : एका नुक्त्याच्या फरकाने अर्थ बदलणारे पाच उर्दू शब्द, आणि एका काना, मात्रा किंवा अनुस्वाराच्या फरकाने अर्थ बदलणारे पाच मराठी शब्द शोधून वहीत लिहा.